फोटो फेकायचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घर आवरण्यावर जो लेख आला त्यात एक सल्ला होता, की जुने अल्बम उगाच जागा अडवतात, सगळे फोटो स्कॅन करून घ्या, क्लाऊडवर टाका आणि कागद रद्दीत देऊन टाका, म्हणजे घर पण मोकळं आणि फोटो पण कायमचे सेफ. हे "कायमचे सेफ" वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला. मी काही लिहिणारी बाई नाही, ३२ वर्षं बँकेत काउंटरवर काढली, पण या दोन शब्दांवर लिहायलाच हवं असं वाटलं, कारण हा प्रयोग आमच्या घरी होऊन गेलाय. आम्ही नाही केला, विश्वामित्री नदीच्या पुराने केला.

आम्ही बडोद्याला मुजमहुड्यात राहतो, ग्राउंड फ्लोअर. २०२४ ची गोकुळाष्टमी, २६ ऑगस्ट, दिवसभर धो धो पाऊस, रात्री आजवा धरणाच्या पाण्याचे मेसेज फिरत होते, नदीची धोक्याची पातळी २५ फूट ती केव्हाच मागे पडलेली, पण २०१९ ला पाणी आमच्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं त्यामुळे आम्ही आपले निवांत झोपलो. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला तो पाण्यात. पुढचं सगळ्या बडोद्याने भोगलंय ते परत सांगत नाही, मगरींचे व्हिडिओ तर तुम्ही तिकडे मुंबई-पुण्याला पण पाहिलेच असतील. आम्ही वरच्या मजल्यावरच्या बेनकडे दोन दिवस काढले आणि खाली उतरलो तेव्हा गहू, गाद्या, फ्रीज, सोफा, सगळ्याचा एकच रंग झालेला.

आता मुद्द्याचं. आमच्या गोदरेजच्या कपाटाच्या (इकडे त्याला तिजोरी म्हणतात, आत पैसे असोत नसोत) सगळ्यात खालच्या खणात शेजारी शेजारी काय काय होतं ते बघा. सासूबाईंची बिस्किटांची पत्र्याची पेटी, त्यात काळे-पांढरे फोटो. माझ्या लग्नाचा १९८४ चा अल्बम, रंगीत. मुलं लहान असतानाचे ते चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे तसले तीन अल्बम. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोंचं एक पाकीट. आणि मुलाने मोठ्या हौसेने घेतलेली हार्ड डिस्क, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोन रबरबँड, कारण ती सगळ्यात महत्त्वाची म्हणून सगळ्यात जपून ठेवलेली. एकच खण, एकच पाणी, अठ्ठेचाळीस तास.

मी पहिला फोन केला तो आमच्या ओळखीच्या एका काकांना. काकांनी उभं आयुष्य दांडिया बाजारच्या एका स्टुडिओत डार्करूम सांभाळण्यात घालवलं, आता ८५ च्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं म्हणून फोनवर दोघांनी ओरडायचं. मी म्हटलं काका सगळे फोटो चिखलात गेले. ते म्हणाले, वाळू दिलेस का? म्हटलं नाही, अजून ओलेच आहेत. मग बरंय म्हणाले, अजिबात वाळू देऊ नकोस, एकमेकांना चिकटून वाळले की संपलं, स्वच्छ गार पाण्यात सोड आणि चेहऱ्यावर बोट लावू नकोस. मी म्हटलं, अहो पाण्यानेच तर वाट लागलीय, परत पाण्यात कुठे? तर म्हणाले, अगं फोटो पाण्यातच जन्माला येतो, डेव्हलपर, मग हायपो (फोटो पक्का करायचं रसायन), मग तासभर वाहत्या नळाखाली, त्याला पाण्याची कसली भीती, त्याला भीती चिखलाची आणि तुझ्या नखांची.

आता स्वच्छ पाणी आणायचं कुठून. लाईट नाही म्हणजे मोटर नाही, नळाला जे येत होतं ते चहाच्या रंगाचं. शेवटी प्यायच्या पाण्याचे दोन जार मिळाले होते त्यातला एक मी परातीत ओतला आणि सासूबाईंची पेटी उघडली. वरच्या बेन जिन्यातून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "पीवानुं पाणी नथी ने तमे फोटा धुओ छो?" त्यांचं काही चुकीचं नव्हतं. मी मान हलवली आणि धूत राहिले.

पेटीतले फोटो एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. पाण्यात ठेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी कडा सुटायला लागल्या, मग एकेक असा हळूच सरकवायचा, ओढायचा नाही, साय काढतो ना तसा. चिखल खाली बसला आणि पाण्यातून सासूबाईंचा चेहरा वर आला, १९५८ चं लग्न, मुंडावळ्यांचा मोती न् मोती दिसत होता. मी तशीच बसून राहिले. नंतर बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर जुन्या सुती साड्या अंथरून सगळे उताणे वाळत घातले, उन्हात नाही, पंख्याखाली. कडा वळल्या, दोन-तीन फोटोंचे कोपरे उडाले, पाचेक जणांवर मातीचे डाग राहिले. पण पेटीतल्या ६४ पैकी ५९ आज आमच्याकडे आहेत आणि ओळखू येतात.

माझ्या लग्नाच्या अल्बमचं तसं झालं नाही. रंगीत फोटोचा वरचा थर पाण्यात फुगून जेलीसारखा झाला होता, एक उचलला तर माझा शालू कागदावरून सरकला आणि माझ्या बोटांवर आला, खरं सांगते, नुसता रंग. चिकट पानांचे अल्बम तर उघडलेच नाहीत, काकांनी सांगितलं शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून धर आणि फोटोच्या खालून करवतीसारखा फिरव, त्याने अर्धे सुटले, अर्धे पानाबरोबर गेले. काकांचा या अल्बमवर पहिल्यापासून राग, तो गोंद फोटोला पिवळा करतो असं ते १९९० पासून सांगतायत आणि आम्ही सगळे ते कॅटलॉगसारखं छान दिसतं म्हणून घेत गेलो. प्रिंटरवरच्या फोटोंच्या पाकिटात फक्त गुलाबी-निळं पाणी होतं आणि कागद.

पुढच्या महिन्यात काका आले तेव्हा मी विचारलं की असं का, जुना टिकला आणि नवा गेला, हे उलटंच झालं. तर ते सांगत बसले, त्यांना कोणी विचारलं की बरं वाटतं. काळा-पांढरा फोटो म्हणजे जिलेटीनमध्ये अडकलेली चांदी, खरी चांदी, तिचे बारीक कण, ती पाण्यात विरघळत नाही. रंगीत फोटो म्हणजे रंग, कापडाला असतो तसा, आणि रंग कुठलाही असला तरी आज ना उद्या उडतो. माझ्या लग्नाचे फोटो पुराच्या आधीच तांबडे झाले होते ते त्यामुळे, त्या काळच्या कागदात निळसर रंग सगळ्यात आधी जायचा, बंद अल्बममध्ये अंधारात ठेवला तरी जायचा, मग राहतो तो तांबडा. आणि सेपिया म्हणजे काही जुना होऊन पिवळा पडलेला फोटो नव्हे, ते मुद्दाम करायचे, चांदीचं सल्फाइड झालं की ती आणखी पक्की होते. आमच्या पेटीतले जे पाच गेले त्यातले तीन आधीपासूनच पिवळट होते, त्यावर काका म्हणाले हे धुणाऱ्याने आळस केलाय, हायपो नीट निघाला नाही की तो आतून खात राहतो, लग्नसराईत स्टुडिओवाले घाई करायचे. हे ते असं म्हणाले जणू अपराधी त्यांना माहिती होता.

इथे थोडं विषयांतर करते, बडोदेकर आहे म्हणून सुचतंय. फोटोचं आणि या गावाचं जुनं आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि दादासाहेब फाळके तिथेच फोटोग्राफी शिकले, पुढे गोध्ऱ्याला त्यांनी स्टुडिओ पण टाकला होता. आणि तो आगफा क्लिक थ्री कॅमेरा, साठ-सत्तरच्या काळातल्या अर्ध्या हिंदुस्थानच्या लहानपणाचे फोटो ज्याने काढले, तो आमच्या बडोद्यात तयार व्हायचा. आमच्या वडिलांकडे होता. एका रोलमध्ये १२ फोटो, सेटिंग काय तर ऊन की ढग. बारा संपायला दोन सण जायचे. त्यातलेच चार-पाच या पेटीत होते, कंपनीच्या कँटीनच्या बिस्किटाएवढे चौकोनी. काकांनी ते मागून बघितले आणि कागद हा इंदूचा असणार म्हणाले, म्हणजे उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. ती कंपनीही गेली, कागद राहिला.

आता हार्ड डिस्क. पिशवीला दोन रबरबँड होते, पाण्याला त्याचं काही वाटलं नाही. ती पंख्याखाली आठ दिवस वाळवली, मुलाने कोणीतरी सांगितलं म्हणून तांदळात पण ठेवली (वाणसामान पण संपलेलं असताना), मग दुकानात दिली. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी फोन केला, काकी आत चिखल आहे, बाहेरच्या लॅबला पाठवायला लागेल, ३० हजार होतील आणि निघेलच असं काही नाही. आम्ही पाठवली. निघालं नाही. त्यात २००५ ते २०१८ होतं. म्हणजे डिजिटल कॅमेरा घेतला त्या दिवाळीपासून ते फोनवर फोटो काढायची पूर्ण सवय लागेपर्यंत. प्रिंट काढायच्या आम्ही त्याच सुमारास बंद केल्या होत्या, कशाला काढायच्या, कॉम्प्युटरवर आहेत की. त्यामुळे आमच्या घराचा फोटोंचा हिशेब आता असा आहे, १९२७ ते २००४ आहे, मग १३ वर्षं कोरी, मग परत फोनवरचे ढीगभर, त्यातले निम्मे गुड मॉर्निंगचे.

त्या कोऱ्या वर्षांतच हे रिटायर झाले होते. ऑफिसने दिलेला सेंड-ऑफ, नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलेलं, कन्याकुमारीची ट्रिप, सगळं त्यातच. हे २०२० ला गेले. त्यांच्या फोनला चार आकडी पिन आहे, मुलांच्या जन्मतारखा, लग्नाची तारीख, बँकेचा कोड सगळं घालून पाहिलं, आता तो फोन परत परत चुकीचा पिन म्हणून तासन्तास बंद होतो. भिंतीवर यांचा जो फोटो लावलाय तो बँकेच्या फॉर्मला दिलेल्या पासपोर्ट साईझवरून मोठा केलाय, शर्टाची कॉलर धूसर आलीय. सासऱ्यांचा १९५८ चा फोटो शेजारी आहे, त्यात घड्याळातली वेळ वाचता येते.

लेखिकाबाई म्हणतील की म्हणूनच तर क्लाऊडवर टाका म्हटलं. बरोबर आहे, टाकायला हवे होते, आणि मी क्लाऊडच्या विरोधात नाही, आता मुलाने मला शिकवलंय, सगळं टाकते. पण ते कायमचं नाही हो. तिथे जागा मोजून मिळते. गुगलचं फोटो फुकट साठवणं १ जून २०२१ ला मोजणीत आलं, १५ जीबीच्या पुढे पैसे भरा. अकाउंट दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर ते डिलीट करू शकतात असा त्यांचा नियमच आहे. ऑर्कुट आठवतं का, आमच्या मुलांच्या पिढीचे सगळे कॉलेजचे फोटो तिथे होते, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, ज्यांनी वेळेत काढून घेतले त्यांचे राहिले. मला तर बँकेतल्यासारखं वाटतं, खातं चालू ठेवायला कोणीतरी व्यवहार करत राहायला हवा, माणूस गेला आणि वारसाला पासवर्ड माहीत नाही म्हणजे पडून राहिलेलं खातं. सासूबाईंची पेटी १९९१ ते २०२४ पर्यंत कोणी उघडली सुद्धा नव्हती. एवढंच मला म्हणायचं आहे. ती पेटी आम्ही विसरलो तरी तिने काही मनावर घेतलं नाही, आणि हार्ड डिस्क आम्ही एवढी जपली.

पण कागद अमर आहे असं काही मी म्हणत नाही. माझ्या माहेरचा, दांडिया बाजारच्या वाड्यातला, एक अख्खा ट्रंकभर अल्बम वाळवीने खाल्ला, वरून जिल्द तशीच आणि आत भुगा, हात लावला तर खाली पडला. माझ्या आईच्या आईचा एकमेव फोटो त्यात होता. तो आज आमच्याकडे आहे तो कसा, तर नागपूरच्या मावशीकडे दुसरी कॉपी होती. तेव्हा स्टुडिओवाले तीन कॉप्या द्यायचे आणि त्या तीन गावी जायच्या. मावशीच्या नातवाने तो फोनने स्कॅन करून पाठवला, व्हॉट्सअ‍ॅपवर आला तो बारीकसा, मोठा केला की चेहऱ्याच्या जागी चौकोन. परत फोन करून त्याला म्हटलं बाबा डॉक्युमेंट म्हणून पाठव, तेव्हा नीट आला आणि मी तो लॅबमध्ये प्रिंट केला. म्हणजे डिजिटल नसतं तर तो मला मिळालाच नसता, हे पण तितकंच खरं. कॅनडातल्या भाचीला पण सगळी पेटी पाठवलीय. त्यामुळे स्कॅन करा हे अर्धं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे, रद्दीत द्या हे अर्धं नाही.

आणि स्कॅन करताना लोक पुढची बाजू करतात, मागची नाही. याच्यावर मला जास्त लिहायचंय, लेखात याचा उल्लेख सुद्धा नव्हता.

पेटीतला सगळ्यात जुना फोटो यांच्या आजोबांचा आहे. आजोबा खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या खाजगी कारभारात, कारकून होते. फोटोत वाड्याच्या ओट्यावर आजोबा पगडी घालून उभे, शेजारी एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत, आणि पुढे एक लहान मुलगी जिचं तोंड पुसल्यासारखं झालंय. लहानपणी मुलं या फोटोला घाबरायची, तोंड नसलेली मुलगी म्हणायची. आम्हाला वाटायचं फोटो खराब झालाय. मागे शिसपेन्सिलीने मोडीत तीन ओळी आहेत, त्या आम्ही आजपर्यंत किराणाचा हिशेब समजत होतो. पुराच्या पाण्यात माझ्या जेलपेनने लिहिलेल्या सगळ्या नावांचे निळे ओघळ झाले, पण ती पेन्सिल जशीच्या तशी. धुताना ती ओळ एवढी ठळक दिसली की मला वाटलं वाचून तरी घेऊ. मोडी वाचणारे एक रिटायर्ड मास्तर मिळाले, त्यांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांशी नेला आणि वाचलं. दसरा, शके १८४९. मी आणि अण्णा. धाकटी हलली.

धाकटी हलली! ९७ वर्षं ती मुलगी तोंड नसलेली होती आणि उत्तर मागे लिहिलेलं होतं. महाराजांची दसऱ्याची स्वारी निघायची, हत्ती यायचे, ती बघायला धाकटीने मान वळवली असणार, हा माझा अंदाज. आता फोन पण फोटोबरोबर तारीख, वेळ, जागा सगळं आपोआप लिहून ठेवतो हे मला माहितीय, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला की ते पुसलं जातं, आणि पुसलं नाही तरी त्यात "धाकटी हलली" नसतं. हललेला फोटो आपण आता डिलीटच करतो, लगेच दुसरा काढतो.

तेव्हापासून मी पेन्सिल घेऊन बसलेय. मऊ शिसाची पेन्सिल, फोटो काचेवर उलटा ठेवून, दाब न देता. नवीन प्लॅस्टिकसारख्या कागदावर पेन्सिल नीट उठत नाही, त्याला काकांनी सांगितलं वेगळ्या चिठ्ठीवर लिही आणि पाकिटात बरोबर ठेव. बहीण येते, आम्ही दोघी भांडतो, ही सुमारे १९६९ ची संक्रांत की ७० ची, मग दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकतो. दर दिवाळीला फोनमधले वीस फोटो लॅबमधून काढून आणते, घरच्या प्रिंटरवर नाही. पेटी आता खालच्या खणात नाही, माळ्यावर आहे, आणि तिच्या कॉप्या बहिणीकडे. नवीन हार्ड डिस्क पण आहे, ती मुलाकडे, पाचव्या मजल्यावर.

तुमच्या लेखिकाबाईंना एवढंच कळवा की रद्दीवाल्याला अल्बम देण्याआधी निदान मागची बाजू वाचावी. आणि रद्दीवाला तसाही फोटो घेत नाही, मी विचारलं, तो म्हणाला चकचकीत कागदाला भाव नाही.

एक राहिलंच. पेटीत एक फोटो आहे, कमाटी बागेत सायकल धरून उभा असलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, भांग मधोमध, सायकल बहुतेक दुसऱ्या कोणाची कारण सीट त्याच्या मानाने उंच. घरात कोणीच ओळखत नाही. सासूबाई असत्या तर सांगितलं असतं, बहिणीला वाटतं त्यांचा भाऊ, मला तसं वाटत नाही. मागची बाजू कोरी आहे. पुरातून तो सगळ्यांत चांगला निघाला, एक डाग नाही. मी त्याला पण परातीत धुतला, साडीवर वाळवला आणि परत पेटीत ठेवला, मागे पेन्सिलने लिहिलं, कमाटी बाग, माहीत नाही.

आपली,
एक वाचक
मुजमहुडा, बडोदा